तळहाताएवढी थालीपीठं : माणशी दोन, मोजून



थालीपीठ कसं थापायचं हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. आपल्यातली प्रत्येक जण डोळे झाकून थापू शकते. तरीही या अंकात थालीपीठ घेतलंय, त्याला कारण आहे.

आपण एरवी थालीपीठ करतो ते ताटभर मोठं. नाष्ट्याला नाहीतर संध्याकाळी भाजीचा कंटाळा आला की. दही, लोणी, ठेचा घेतला की तेच जेवण होतं. इथे सांगायचंय ते तळहाताएवढ्या लहान थालीपीठांबद्दल. नेहमीचं वरण-भात, आमटी-भाकरी आहे तसंच ठेवायचं आणि ताटाच्या कडेला तोंडी लावायला ही दोन-दोन वाढायची. भाजी महाग झाली, परसात पालेभाजी थोडीच निघाली, की त्या दिवशी तर ती फारच कामाला येतात.

मोजता येतं ते वाट्याला येतं

घरात जेवायला वाढतो कोण? आपण. शेवटी जेवतो कोण? तेही आपणच. भाजी पळीनं वाढली जाते. कोणाला दोन पळ्या, कोणाला तीन. आपली पाळी येईपर्यंत कढईत रस्सा आणि तळाची खरवड उरते. कोणी मुद्दाम उपाशी ठेवत नाही, पण पळीनं वाढलेल्या पदार्थाचा हिशोब लागत नाही. शेवटच्या माणसाला किती उरणार हे वाढताना दिसतच नाही.

थालीपीठ मात्र मोजता येतं. घरात पाच माणसं, माणशी दोन, म्हणजे दहा. पीठ मळलं की दहा गोळे करून परातीत मांडायचे. त्या दहात दोन गोळे आपले असतात, ते पहिल्यापासून डोळ्यांसमोर असतात. दोन आपले, दोन सासूबाईंचे, दोन लेकीचे. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर तिच्यासाठी एक जास्तीचा गोळा.

ही गोष्ट लहान वाटेल, पण आहे मोठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे आपल्या बैठकीला दहा जणी बसल्या असतील, तर त्यातल्या पाच-सहा जणींचं रक्त कमी असू शकतं. त्याला कारणं बरीच आहेत. त्यातलं एक आपल्या स्वयंपाकघरातच आहे : जे अंगाला लागायला हवं ते आपल्या ताटात पोचतच नाही.

पाच माणसांसाठी साहित्य

आमटीची साधी वाटी माप म्हणून घ्या.

ज्वारीचं पीठ दीड वाटी, बाजरीचं पीठ अर्धी वाटी, बेसन अर्धी वाटी. बारीक चिरलेली पालेभाजी एक वाटी भरून. मेथी, शेपू, तांदुळजा, पालक, शेवग्याचा कोवळा पाला, जे हाताशी असेल ते. एक मध्यम कांदा बारीक चिरून. हिरवी मिरची, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या आणि जिरे एकत्र ठेचून एक चमचा. तीळ दोन चमचे, ओवा पाव चमचा, हळद, मीठ आणि असेल तर कोथिंबीर. मळायला कोमट पाणी. भाजायला तेल, सगळं मिळून चार-पाच चमचे.

एवढ्या पिठाचे मध्यम लिंबाएवढे दहा गोळे होतात. पाहुणा येण्यासारखा असेल तर मूठभर पीठ जास्त घ्या आणि बारा गोळे करा. तरीही कमी पडलं, तर सगळ्यांचं अर्धं-अर्धं कमी करायचं. एकीचं पूर्ण कमी करायचं नाही. हा नियम घरात एकदा बोलून ठेवा.

कृती, आणि तसं का करायचं

१. आधी परातीत कांदा, पालेभाजी, ठेचा, हळद आणि मीठ घालून हातानं चांगलं चोळा. पाच मिनिटं ठेवा. मिठामुळे कांद्याला आणि भाजीला पाणी सुटतं. हे पाणी आधी पिठात मुरू दिलं, तर वरून किती पाणी लागेल त्याचा अंदाज येतो. आधी पाणी ओतलं आणि मग भाजीला पाणी सुटलं, की पीठ सैल होतं. मग वरून पीठ घालत बसावं लागतं आणि चव पांचट होते.

२. आता सगळी पिठं, तीळ आणि ओवा घाला. कोमट पाणी थोडं थोडं शिंपडत मळा. पीठ भाकरीपेक्षा सैल हवं, पण हाताला लिबलिबीत लागता कामा नये. मळून फार वेळ ठेवू नका, भाजीचं पाणी सुटतच राहतं. दहा मिनिटांत थापायला घ्या.

पाणी कोमट का? गव्हाच्या कणकेत ताण असतो, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारी, बाजरी, नाचणीत तो ताण नसतो. त्यांचं पीठ धरून ठेवतो तो त्यातला पिठूळ भाग, आणि तो गरम पाण्यानं फुगून चिकट होतो. भाकरीला आपण आधण घेतो ते याचसाठी.

३. गोळे करून मोजून मांडा. तवा मध्यम आचेवर ठेवा. थालीपीठ लहान असल्यानं फडकं किंवा प्लास्टिकचा कागद लागत नाही. हाताला पाणी लावून गोळा तळहातावरच थापा. जाडी भाकरीएवढी, कडेला चीर पडली तर बोटानं दाबून घ्या. मध्ये बोटानं एक भोक पाडा. मोठ्या थालीपीठाला पाच भोकं लागतात, लहानाला एक पुरतं. त्या भोकातून वाफ निघते आणि तेल खाली पोचतं, म्हणून मधला भाग कच्चा राहत नाही.

४. तव्याला तेलाचं बोट फिरवून चार थालीपीठं एकदम लावा. भोकात आणि कडेनं दोन-तीन थेंब तेल सोडा. वर झाकण ठेवा. तीन मिनिटांनी झाकण काढून उलटा आणि दुसरी बाजू झाकण न ठेवता दोन मिनिटं भाजा. झाकणाखाली वाफेनं आतून शिजतं, उघड्यावर बाहेरून खरपूस होतं. दोन्ही हवं.

एका तव्यावर चार बसतात, म्हणून तीन घाण्यांत दहा थालीपीठं वीस मिनिटांत उरकतात. तेवढ्या वेळात शेजारच्या चुलीवर आमटी उकळते. मोठी पाच थालीपीठं एकेक करून लावली, तर वेळ आणि जळण दोन्ही जास्त जातं.

बिघडलं तर काय करायचं

*थापताना तुटतंय.* बहुतेक वेळा पीठ जुनं असतं, त्याची विरी गेलेली असते. फेकू नका. एकूण पिठातलं तिसरा हिस्सा पीठ वेगळं घ्या, त्यावर उकळतं पाणी घालून उलथन्याच्या टोकानं ढवळा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. ही उकड बाकीच्या पिठात मळली की सगळं पीठ धरून येतं. सकाळचा उरलेला मूठभर भात किंवा एक उकडलेला बटाटा कुस्करून घातला तरी काम होतं. भात मात्र आंबूस वास येणारा नको.

*वरून करपतंय, आत कच्चं.* आच मोठी आहे नाहीतर थालीपीठ जाड आहे. आच कमी करा, झाकण विसरू नका.

*गार झाल्यावर कडक होतंय.* पीठ घट्ट मळलं गेलं किंवा फार वेळ भाजलं. पुढच्या वेळी पिठात दोन चमचे दही किंवा किसलेला दुधी घाला. भाजून झालेली थालीपीठं फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर मऊ राहतात. शेतावर न्यायची असतील तर आधी पूर्ण गार करून मगच डबा बंद करा. गरम असताना बंद केला तर वाफेचं पाणी सुटून ती चिकट होतात.

*कडू लागतंय.* मेथीमुळे नसेल तर बाजरीच्या पिठामुळे असेल. बाजरीत तेलाचा अंश इतर धान्यांपेक्षा जास्त असतो. दळल्यावर त्याला हवा लागते आणि थोड्याच दिवसांत पीठ खवट होतं. म्हणून बाजरी आठवड्याला पुरेल एवढीच दळून आणा.

आपल्या भागाचं धान्य घ्या

वर ज्वारी-बाजरी लिहिली आहे म्हणून बाजारातून विकत आणू नका. घरात जे पिकतं ते घ्या. सोलापूर आणि मराठवाड्याकडच्या बायकांना धपाटं नवं नाही. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन आणि कणीक, लसूण-मिरची, तीळ. तेच लहान थापलं की झालं. खानदेशात कळण्याचं पीठ असतं, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं. त्यात डाळ आधीच असल्यानं वेगळं बेसन घालायची गरज नाही, नुसता कांदा आणि भाजी घाला. कोकणात आणि डोंगराळ भागात नाचणी आहे, तिला नागली म्हणा नाहीतर नाचणी. नाचणीचं पीठ पाणी जास्त पितं आणि गार झाल्यावर घट्ट होतं, म्हणून तिच्यात तिसरा हिस्सा तांदळाचं पीठ आणि थोडं ओलं खोबरं घालावं. उपवासाच्या दिवशी वरई आणि राजगिऱ्याचं पीठ, उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट आणि जिरे-मिरची घेऊन अशीच लहान थापता येतात.

एक गोष्ट मात्र कुठेही सोडू नका : चार-पाच भाग धान्याला एक भाग डाळीचं पीठ. बेसन, उडीद, मूग, मटकी, कुळीथ, कोणतंही चालेल. धान्यातल्या प्रथिनात जी उणीव असते ती डाळ भरून काढते, आणि डाळीतली उणीव धान्य भरून काढतं. एकत्र खाल्लं की दोन्ही अंगाला चांगलं लागतं. वरण-भात आणि पिठलं-भाकरी या आपल्या जोड्यांतही हेच आहे.

अंगाला लागावं म्हणून

२०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. तेव्हापासून शहरात नाचणी-बाजरीच्या पाकिटांना मोठा भाव आला. आपल्या कणगीतलं धान्य ते हेच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असतं. तेवढ्याच तांदळात ते दहाच्या आसपास असतं. बाजरीत लोह चांगलं असतं.

पण खरं तेच सांगायला हवं. धान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह शरीर सहज घेत नाही. त्याला मदत लागते ती आंबटाची. म्हणून थालीपीठासोबत लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो, पेरू किंवा आवळ्याचं ताजं लोणचं ठेवा. आणि जेवणासोबत किंवा जेवल्या जेवल्या चहा नको. चहा लोहाला अडवतो. तासाभरानं घ्या.

आणखी एक. दोन थालीपीठांनी रक्तक्षय बरा होत नाही. उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे असं धरतात. आशाताईंनी किंवा नर्सताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या. शौचाला काळी होते म्हणून घाबरून मध्येच सोडू नका. गोळीनं रक्त भरून निघतं, आणि ते पुन्हा कमी होऊ नये म्हणून रोजचं ताट नीट हवं.

लहान लेकरांसाठी दोन गोळे मिरची घालायच्या आधी बाजूला काढा. वर्षावरच्या बाळाला थालीपीठ वरणात नाहीतर दह्यात मऊ कुस्करून भरवा.

रोज वेळ कुठून आणायचा?

हा प्रश्न येणारच. रानातून सहाला परत यायचं, पाणी भरायचं, गुरांचं बघायचं, त्यात चार डब्यांतून पिठं काढायची कुठे? याला उत्तर भाजणी. आणि भाजणी एकटीनं करण्यापेक्षा गटानं केली तर सोपी.

एका वेळचं प्रमाण असं : ज्वारी २ किलो, बाजरी १ किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, तांदूळ अर्धा किलो, गहू अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, धणे १०० ग्रॅम, जिरे ५० ग्रॅम. हे साधारण पाच किलो होतं. प्रमाण दुप्पट घेतलं तर दहा जणींना जवळजवळ किलो-किलो वाट्याला येतं. पाच माणसांच्या घरात एका किलोत चार वेळा थालीपीठं होतात.

धान्य निवडून, पाखडून घ्या. धुतलं तर सावलीत पूर्ण वाळू द्या. प्रत्येक धान्य वेगळं भाजा. ज्वारी आणि तांदूळ एकत्र भाजले तर एक करपतं आणि दुसरं कच्चं राहतं. आच मंद, हात सतत फिरता. धान्याचा खमंग वास सुटला, डाळीचा रंग बदलून गुलाबीसर झाला, की उतरवा. धणे-जिरे शेवटी, नुसते गरम होईपर्यंत. सगळं कापडावर पसरून पूर्ण गार करा आणि मगच गिरणीत न्या. कोमट धान्य दळलं तर पिठात ओल धरते आणि जाळी होते. गिरणीवाल्याला थोडं जाडसर दळायला सांगा, अगदी मैद्यासारखं नको.

भाजल्यानं धान्यातली ओल जाते, पीठ टिकतं, बाजरीही लवकर खवट होत नाही, आणि वासानंच भूक लागते. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, ओला चमचा घालू नका आणि महिनाभरात संपवा. संध्याकाळी आलं की कांदा चिरायचा, भाजी चिरायची, भाजणीत मळायचं. भाजणीत गहू, तांदूळ, उडीद असल्यानं ती सहसा तुटत नाही.

पुढे गटाला भाजणी विकावीशी वाटली तर चांगलंच आहे, पण आधी आपल्या घरात महिनाभर करून बघा. विकायची झाली तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, वजन, तयार केल्याची आणि वापरायची मुदत लिहावी लागते. आणि भाव ठरवताना धान्य, दळण, जळण, पाकीट यांच्याबरोबर भाजत बसलेल्या बायकांची मजुरीही धरा. घरातलं काम म्हणून मजुरी धरली नाही, तर धंदा फायद्यात दिसतो आणि बाई तोट्यात राहते.

पुढच्या बैठकीपर्यंत

एक काम सगळ्यांनी करा. आठवड्यातून दोन दिवस ही थालीपीठं करा. गोळे घरातल्या माणसांच्या हिशोबानं मोजून करा, त्यात स्वतःला धरायला विसरू नका. जेवण झाल्यावर एवढंच बघा : आपल्या वाटची दोन आपण खाल्ली का? की "राहू दे, त्याला आवडतात" म्हणून एक कोणाच्या तरी ताटात सरकवलं? जे झालं ते बैठकीत सांगा. लाजायचं कारण नाही, सगळ्यांच्या घरी थोडंफार असंच असतं.

जमलं तर त्या दोन दिवशी सगळे एकत्रच जेवायला बसा. थालीपीठं सगळी भाजून झाली की दुरडीत घालून मध्ये ठेवा. मग वाढायला कोणी उभं राहायला नको, आणि कोणाचं कमी पडलं ते सगळ्यांनाच दिसतं.

बचतीचे पैसे आपण बैठकीत सगळ्यांसमोर मोजतो, वहीत लिहितो आणि मगच पेटीत टाकतो. एका रुपयाचा फरक आला तरी पुन्हा मोजतो. आपल्या ताटातल्या दोन थालीपीठांचा हिशोबही तेवढाच चोख ठेवू या.